पानकरसाचा न्याय

आपल्या रसचर्चेत एक दृष्टान्त वारंवार येतो. गूळ, मिरे, आंबट फळाचा रस असे निरनिराळे पदार्थ एकत्र करून पानक सिद्ध केले, की पिणाऱ्याच्या जिभेला गूळ वेगळा आणि मिरे वेगळे अशी प्रतीती येत नाही. त्या सर्वांहून भिन्न असा एकच आस्वाद येतो. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून येणारा काव्यरसही असाच अखंड असतो, हे सांगण्यासाठी अभिनवगुप्त, मम्मट, विश्वनाथ या आचार्यांनी या दृष्टान्ताचा आधार घेतला. त्यालाच पानकरसन्याय म्हणतात. तीस वर्षे मी हा न्याय वर्गात शिकवला. आपले पन्हे त्याच पानकाच्या कुळातले, एवढे सांगितले की उन्हाळ्याच्या दिवसांत विद्यार्थ्यांना आणखी काही समजावून द्यावे लागत नसे. न्याय या शब्दाचा येथील अर्थ दृष्टान्तावर उभारलेला नियम असा आहे. व्यवहारात आपण तो शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतो. या दोन अर्थांचे एकमेकांशी काही देणेघेणे असू शकेल, असा विचार मात्र त्या तीस वर्षांत माझ्या मनाला शिवला नाही. तो आला निवृत्तीनंतर, घरच्या स्वयंपाकघरात, आणि तोही मद्याच्या निमित्ताने.

प्रसंग अगदी साधा होता. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी लेकीने आपल्या काही स्नेह्यांना पुण्याच्या आमच्या घरी बोलावले होते, आणि त्यांच्यासाठी 'पिन्या कोलादा' नावाचे पेय करण्याचे तिने ठरवले होते. अननसाचा रस, नारळाचे दाट दूध आणि रम यांचे हे थंडगार मिश्रण. आमच्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्याच्या कारणास्तव दिला जातो. लेकीजवळ तो होता. माझ्या माहेरी, मालवणाकडे, मद्याचे नाव घरात उच्चारले जात नसे. पुढे विद्यापीठीय जीवनात, परदेशी पाहुण्यांच्या सहवासात, कधी एखादा पेला हाती आला तर मी तो नाकारला नाही, आणि कधी मागितलाही नाही. या बाबतीत माझी भूमिका अशी काही नव्हती, असेच म्हणावे लागेल.

पहिला प्रयत्न फसला. लेकीने नारळाऐवजी दुधाची साय वापरली होती. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने विघटित करणारे द्रव्य असते; त्याच्या संगतीत साय थोड्याच वेळात फाटली आणि तिला कडवटपणा आला. मग मी पदर खोचला. नारळाचे दूध काढणे ही गोष्ट तरी मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी दोन नारळ विळीवर खोवून दिले. तो चव कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळला, पहिले दाट दूध वेगळे काढले, आणि ते फ्रिजमध्ये ठेवून वर आलेला घट्ट थर अलगद उचलला. अननसाचा रस गाळला. प्रत्येक पेल्यास पन्नास मिलिलीटर पांढरी रम, तेवढाच अननसाचा रस, तीस मिलिलीटर नारळाचा तो थर, चमचाभर साखरेचा पाक, आणि मूठभर चुरलेला बर्फ. हे सारे फेस येईपर्यंत घुसळले. मी पेला तोंडाला लावला आणि मला आधी आठवला तो वर्ग. अननसाचा आंबटपणा नारळाने सौम्य केला होता, नारळाचा तेलकटपणा अननसाने हलका केला होता, आणि रम कोठेच वेगळी लागत नव्हती. पण ती नसती तर उरलेले दोघे एकमेकांना भेटले नसते, असे वाटत होते. मम्मटाला दाखवावे असे ते पानक होते.

मी हे कौतुकाने बोलून दाखवले. बाई ओट्यापाशी विळी धूत होत्या. त्या बीड जिल्ह्यातल्या. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पुण्याला आल्या, आणि नवरा दारूपायी गेल्यावर दोन मुलांना घेऊन येथेच राहिल्या. त्यांनी बाटलीकडे पाहिले, खोवलेल्या नारळाच्या करवंट्यांकडे पाहिले, आणि अगदी सहज, कसलाही टोमणा न मारता म्हणाल्या, "आमच्याकडं ह्यानं घरं बसली, काकू. तुमच्याकडं ह्याला नारळ लागतो व्हय?"

लेकीला ते ऐकून अवघडल्यासारखे झाले. मी काही तरी सारवासारव केली. पाहुणे आले, पेले भरले गेले, संध्याकाळ चांगली गेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. पानक चाखताना त्यातले घटक वेगवेगळे जाणवू नयेत, ही त्याच्या सिद्धीची खूण; हे मी शिकवत आले होते. बाईंनी एका वाक्यात त्यातला एक घटक बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला होता. तेव्हा प्रश्न असा, की आस्वादात घटकांचे वेगळेपण लोपते, त्याबरोबर त्या घटकांविषयीची आपली जबाबदारीही लोपते काय? रसिकाला असे विसरण्याची मुभा आहे काय? आणि असेल, तर ती कोणी दिली?

मग मी त्या पेल्यातील द्रव्यांचा माग काढू लागले. अभ्यासकाची सवय दुसरे काय करणार?

हे पेय कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटाचे. पिन्या कोलादा या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'गाळलेले अननस' एवढाच. सान हुआन शहरातील कारीबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो या पेयकाराने १९५४ साली ते आजच्या रूपात सिद्ध केले, असा त्या हॉटेलाचा दावा आहे. त्याच शहरातील बाराचिना उपाहारगृह हा मान १९६३ सालच्या आपल्या पेयकाराला देते, आणि तसा फलकही तेथे लावलेला आहे. नारळाचे घट्ट गोड दूध डब्यात मिळू लागले होते म्हणूनच हे पेय झटपट करणे शक्य झाले. ते तयार करण्याची युक्ती तेथील विद्यापीठातले कृषिविषयाचे प्राध्यापक रामोन लोपेस इरिसारी यांनी शोधली होती. १९७८ साली प्वेर्तो रिकोने त्याला आपले राष्ट्रीय पेय म्हणून घोषित केले. आपल्याकडील सर्वपरिचित ओल्ड मंक ही रमदेखील १९५४ सालचीच, हा योगायोग सहज नोंदवण्यासारखा.

परंतु राष्ट्रीय म्हटल्या गेलेल्या या पेयातील द्रव्यांची मूळ गावे पाहू लागलो, तर राष्ट्र ही कल्पनाच पातळ होऊ लागते. अननस दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, ग्वादेलूप बेटावर युरोपीय माणसांनी तो प्रथम पाहिला. पुढे पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि तुपी भाषेतले त्याचे नाव आपण जवळजवळ जसेच्या तसे ठेवून घेतले. त्याच सफरीत कोलंबसाने कॅनरी बेटांवरून उसाची कांडी पलीकडे नेली. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा असला, तरी त्याच्या रसाची दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात विकसित झाली. जगातील अनेक भाषांतले साखरेचे शब्द आपल्या 'शर्करे'पासून निघाले आहेत. नारळाचीही कथा अशीच. वास्को द गामा परतल्यानंतर पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातला नारळ अटलांटिककडे नेला, आणि सोळाव्या शतकात तो केप व्हर्द बेटांच्या मार्गाने कॅरिबियनमध्ये पोचला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही अटलांटिक किनाऱ्यावरील नारळाचे नाते हिंदी महासागरातील नारळाशी जुळवून दिले. म्हणजे आमच्या ओट्यावर नारळ आणि अननस शेजारी शेजारी ठेवले होते, ते पाचशे वर्षांपूर्वी दोन दिशांनी निघालेले प्रवासी होते. येथवर कथा रम्य आहे. पर्यटनाच्या पुस्तिकेत ती शोभून दिसेल.

रम्यता संपते ती रमपाशी. उसाच्या रसाची साखर केल्यावर मागे जी काळी, दाट मळी उरते, ती आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून रम काढतात. सतराव्या शतकात बार्बेडोससारख्या बेटांवरील साखरेच्या मळ्यांत तिचा व्यापार वाढला. त्या मळ्यांत राबणारी माणसे आफ्रिकेतून पकडून, विकत घेऊन आणलेली होती. मळीची रम होत असे, आणि ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन तिच्या बदल्यात आणखी माणसे घेतली जात. ऊस माणसांनी तोडायचा, उसापासून मद्य निघायचे, आणि त्या मद्याने ऊस तोडायला माणसे मिळायची, असे ते वर्तुळ होते. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला, तेव्हा नुकसानभरपाईपोटी दोन कोटी पौंड मंजूर केले. ते मालकांना मिळाले, गुलामांना काहीही नाही. स्पेनच्या ताब्यातील प्वेर्तो रिकोत गुलामगिरी संपायला १८७३ साल उजाडले, आणि तेथेही मुक्त झालेल्यांना आणखी तीन वर्षे करारावर राबणे भाग पडले.

ही कथा परक्यांची आहे, असे म्हणून सुटताही येत नाही. गुलामांची जागा घ्यायला माणसे हवी होती, आणि ती आपल्याकडून गेली. १८३४ पासून मॉरिशसला, १८३८ साली ब्रिटिश गयानाला, १८४५ साली त्रिनिदादला करारबद्ध मजुरांची जहाजे लागली. बहुसंख्य माणसे भोजपुरी आणि तमिळ मुलखातली. परंतु मॉरिशसला मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचेही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. माझ्या माहेरच्या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांनी दुसऱ्या किनाऱ्यावर ऊस तोडला. पन्ह्यात गूळ घालणाऱ्या माझ्या आजीला याची वार्ताही नसावी.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कोणी म्हणेल, असा माग काढत गेले तर जगात निष्कलंक असे काय उरेल? कापूस, चहा, नीळ, अत्तर, ग्रंथांचा कागद, देवळाचा दगड. कशाच्या मुळाशी कोणाचा तरी घाम आणि रक्त नाही? मग आस्वाद घ्यायचाच नाही काय? आणि जे घडून गेले त्याचे पाप दोनशे वर्षांनंतर एका पुणेकर गृहिणीच्या पेल्यात कसे उतरेल? या आक्षेपात तथ्य आहे. जे मी केले नाही त्याचा दोष मला लागत नाही, हे नीतिशास्त्राचे साधे सूत्र आहे, आणि ते सोडले तर नैतिक विचार हा केवळ हळहळीचा विलास होऊन बसतो. असा विलास करणारी माणसे मी साहित्याच्या क्षेत्रात पुष्कळ पाहिली आहेत. ती ओक्साबोक्शी बोलतात आणि पेला खाली ठेवत नाहीत.

मग दुसरा मार्ग त्यागाचा. तो पूर्वी चोखाळला गेलेला आहे. १७९१ साली विल्यम फॉक्स या लंडनच्या लेखकाने वेस्ट इंडीजची साखर आणि रम वर्ज्य करावी असे आवाहन करणारी पुस्तिका लिहिली. तिचा प्रसार विलक्षण झाला. साखर सोडणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या घरात असावी, असा अंदाज त्या चळवळीतील थॉमस क्लार्कसन यांनी दिला आहे. गृहिणींनी चहातून साखर काढली. १८२४ नंतर लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी घरोघर फिरून ही चळवळ पुन्हा उभी केली, आणि हळूहळू नव्हे तर तत्काळ मुक्ती हवी असा आग्रह धरला. मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनी साखरेच्या भांड्याच्या द्वारे आपले मत नोंदवले, ही घटना मला फार मोलाची वाटते. स्वयंपाकघर हे नीतीचे क्षेत्र आहे, हे त्यांनी तत्त्ववेत्त्यांच्या आधी ओळखले.

तथापि या त्यागालाही एक खिडकी होती. वेस्ट इंडीजची साखर नको, तर पूर्वेकडची, म्हणजे भारतातली, घ्या. ती गुलामांनी केलेली नाही, असे सांगितले जाई. तशी अक्षरे रंगवलेली साखरेची भांडी विकली जात. ज्या भारताची ग्वाही दिली जात होती, तेथे गुलामगिरीला कायद्याने नकार मिळायला १८४३ साल उजाडायचे होते, आणि त्या भारतात शेतकऱ्याचे काय चालले आहे हे भांडे विकत घेणारीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एका पेल्यातून कटुता काढली म्हणजे दुसऱ्या पेल्यातली गोडी निर्दोष ठरते, असा समज त्यागाच्या पोटात लपून बसतो. मद्य न पिणाऱ्या माझ्या माहेरालाही हाच समज होता. आमच्या घरी बाटली नव्हती. साखरेचा डबा मात्र भरलेला असे.

आणि आज तो डबा कोठून भरतो? प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्याला मालक करणारी ती एक क्रांती होती, आणि तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ऊस पिकवणारा मालक झाला, तरी ऊस तोडणारा मजूरच राहिला. दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. मुकादम आधीच उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत राबायचे असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. म्हणजे हिशेबात दोन माणसांचे एक हत्यार होते. एखादा दिवस कामावर येणे झाले नाही, तर त्याचा खाडा धरतात, आणि मजुरी न मिळणे तर दूरच, उलट दंड कापला जातो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला. राज्य शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यातल्या कित्येक ऐन उमेदीच्या वयातल्या होत्या. पाळीच्या दिवसांतही फडात उभे राहावे लागते, खाडा परवडत नाही, आणि दुखणे अंगावर काढता काढता एक दिवस डॉक्टर पिशवी काढायला सांगतो. या उसाची साखर होते, मागे मळी उरते, आणि आपल्या देशातली रम त्याच मळीची असते.

म्हणजे बाईंनी बाटलीकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांच्या आयुष्याला ती दोन्ही बाजूंनी लागलेली होती. त्यांची धाकटी बहीण आणि मेहुणा दरवर्षी तोडीला जातात. एकाच उसाने एका बहिणीची पाठ वाकवली आणि दुसरीचे कुंकू पुसले.

आम्ही मापात पितो, ते बेतालपणे पितात, असे समाधान आपला मध्यमवर्ग करून घेतो. मीही करून घेत असे. परंतु माझ्या मापाला माझा संयम जितका कारण आहे, तितकेच माझे निवृत्तिवेतन, माझे घर, आणि हाकेच्या अंतरावरचा माझा डॉक्टर हेही कारण आहेत. दिवसभर वाकून उसाची मोळी उचललेल्या माणसाला संध्याकाळी जे पाहिजे असते, ते मला कधी पाहिजेच झाले नाही. न जाणवलेल्या तहानेवर विजय मिळवल्याचे श्रेय घेणे हा एक प्रकारचा खोटेपणा आहे. याचा अर्थ बेतालपणा क्षम्य आहे, असा नव्हे. त्याची शिक्षा ज्या स्त्रियांनी भोगली, त्यांनीच महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत मतदान करून बाटली आडवी केली आहे, आणि त्यांच्यासमोर मद्याच्या संस्कृतीची वकिली करण्याचे धाडस मला होणार नाही.

मग माझ्या मूळ प्रश्नाचे काय? आस्वादात जे एकजीव होते, ते नीतीने पुन्हा वेगळे करायचे, तर आस्वाद शिल्लक राहतो काय?

येथे मला चोखोबांचा आधार घ्यावासा वाटतो. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, या दाखल्याचा त्यांचा अभंग महाराष्ट्रात मुखोद्गत आहे. बाह्य रूपाला भुलू नका, आत पाहा, असे तो सांगतो. आम्ही समीक्षकांनी त्यातून मोठ्या सोयीचा अर्थ काढला: रस तेवढा पाहावा, ऊस कोठला, कोणी वाढवला, कोणी तोडला, हे रसिकाचे काम नाही. परंतु हे बोलणारा माणूस देवळाच्या दाराबाहेर उभा होता, आणि मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम करताना ते कोसळून त्याखाली तो गेला, असे परंपरा सांगते. आत पाहा, हे त्याने बाहेर ठेवल्या गेलेल्यांच्या वतीने म्हटले होते. आत बसलेल्यांनी बाहेर न पाहण्यासाठी ते वाक्य वापरावे, हा त्याच्या शब्दांवर केलेला अन्याय आहे. आणि माझा अनुभव असा, की चोखोबा कोठे उभे होते हे माहीत असल्याने त्या अभंगाची गोडी उणावत नाही. ती अधिक गडद होते. सहृदयाचे हृदय पूर्ण जाणत्याचे असले, तर रस फाटत नाही. साय फाटते, कारण ती अननसाला सोसू शकत नाही; नारळ सोसतो.

म्हणून दोष आणि त्याग या दोन शब्दांपेक्षा आपल्या परंपरेतला तिसरा शब्द मला अधिक उपयोगी वाटतो: ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणे माणूस जन्मतःच घेऊन येतो, असे मानले गेले. ती त्याने मागून घेतलेली नसतात, आणि त्यांत त्याचा अपराधही नसतो. तरी ती त्याचीच असतात. दोषाचे प्रायश्चित्त घेतले की माणूस मोकळा होतो, निदान तसे मानू लागतो. त्याग केला की तो शुद्ध झाल्यासारखा वाटतो. ऋण मात्र असे एका दिवसात फिटत नाही. ते हप्त्याहप्त्याने आणि ज्याचे त्यालाच द्यावे लागते. साखर सोडणाऱ्या त्या गृहिणींचा त्याग मला मोलाचा वाटतो तो त्यांचे चहाचे पेले शुद्ध झाले म्हणून नव्हे. त्या साखर सोडून थांबल्या नाहीत, अर्जांवर सह्या गोळा करत राहिल्या, म्हणून. पेला प्यावा की न प्यावा हा प्रश्न त्यामानाने लहान आहे. पिणाऱ्याने देणे ओळखले आहे काय, आणि न पिणाऱ्याने आपणही देणेकरी आहोत हे मान्य केले आहे काय, हा मोठा.

हे सारे मी माझ्या अभ्यासिकेत बसून लिहिले आणि समाधानाने उठले. चहासाठी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजशेजारी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर दूध किती घेतले, सिलिंडर कधी आला, अशा नोंदी मी ठेवते. आणि ज्या दिवशी बाई येत नाहीत त्या तारखेवर फुली करते. महिन्याच्या अखेरीस त्या फुल्या मोजून तेवढ्या दिवसांचे पैसे वळते करते. आपल्या बहुतेक घरांत हीच रीत आहे. मी मागच्या वर्षाची दिनदर्शिका काढून पाहिली. दसऱ्यानंतरच्या एका आठवड्यात ओळीने सहा फुल्या होत्या. बहीण आणि मेहुणा तोडीला निघाले की त्यांची दोन लहान मुले बाईंकडे असतात. त्यांना गावाहून आणण्यासाठी, शाळेचे पाहण्यासाठी त्या दरवर्षी त्या सुमारास गावी जातात. मला ते ठाऊक होते. तरी मी सहा दिवसांचे पैसे कापले होते, आणि महिन्याच्या कोपऱ्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिले होते: खाडे सहा.

हा शब्द मी मुकादमाकडून शिकले नव्हते. माझी आई वापरी, शेजारणी वापरत, मीही वापरत आले. फडातला आणि ओट्यावरचा शब्द एकच आहे, हे आयुष्यभर भाषेचा अभ्यास करणाऱ्या बाईच्या लक्षात यायला एवढा वेळ लागला.

त्या सहा दिवसांचे पैसे मी दुसऱ्या दिवशी बाईंना दिले. त्यांनी कारण विचारले. मी सांगितले. त्या थोडे हसल्या आणि म्हणाल्या, "मग आदल्या सालाचं पण बघा की, काकू." मी आदल्या वर्षाची दिनदर्शिका शोधते आहे. रद्दीत गेली असावी. तेव्हा आकडा त्यांनाच विचारावा लागेल, आणि त्या सांगतील तो मान्य करावा लागेल.